चित्र येतं, पण वर्ग हातात राहत नाही

“चित्र माझं चांगलं आहे, पण मुलांसमोर उभी राहिले आणि सगळा विचका झाला. मला शिकवताच येत नाही बहुतेक. सोडून देऊ का हा विचार?” कला शिक्षक व्हायला निघालेल्या बऱ्याच जणांना ही धास्ती असते. इथे मला हे विचारणाऱ्या होत्या २६ वर्षांच्या, चित्रकलेची पदवी घेतलेल्या. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

झालं होतं असं. एका शाळेने त्यांना ४० मिनिटांचा डेमो तास घ्यायला बोलावलं होतं. वर्गात आठ-नऊ वर्षांची ३४ मुलं. विषय त्यांनीच निवडला, जलरंगात निसर्गचित्र. घंटा झाली तेव्हा दोन बाकांवर पाणी सांडलेलं, निम्मे कागद अर्धवट आणि ओले, ब्रश रंगासकट वाळत पडलेले. शाळेने “कळवतो” म्हटलं आणि पुढे काही कळवलं नाही.

“माझा आवाजच पोचत नाही,” असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आवाजाकडे वळण्याआधी मी त्यांना त्या तासाचा मिनिटांचा हिशेब मांडायला सांगितला. ओळख आणि हजेरी ४, स्वतः रंगवून दाखवणं १७, कागद-रंग-ब्रश-पाण्याचं वाटप ९. उरली १०. त्यात मुलांनी डोंगर, नदी, झाडं, आकाश सगळं रंगवायचं आणि आवरायचंही. आकडे बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. अगदी गुणी मुलांचा वर्ग असता तरी हा तास कोसळलाच असता, आवाज कितीही खणखणीत असो.

मग आम्ही तोच तास पुन्हा बांधायला घेतला. प्रात्यक्षिक ६ मिनिटं, काम २२, आवराआवर ७, चित्रं बघणं ५. हजेरी मुलं कामाला लागल्यावर नजरेने घ्यायची. प्रात्यक्षिकाचेही दोन तुकडे करायचे. सुरुवातीला ३ मिनिटांत फक्त आकाशाच्या रंगाचा हात दाखवायचा आणि मुलांना सोडायचं, झाडांचं पुढे. या वयाच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी दोन-तीन पायऱ्या राहतात. सातवी पायरी सांगेपर्यंत पहिली निसटलेली असते आणि मग “मॅडम, आता काय करू?” ३४ तोंडांतून येतं. दाखवून झालं की आपलं चित्र नजरेआड ठेवायचं. समोर राहिलं तर ३४ मुलं तेच झाड उतरवतात.

सामानाच्या बाबतीत त्यांचा अंदाज चित्रकाराचा होता. आपल्या टेबलावर आपण एकटे असतो, वर्गात पाण्याची १७ भांडी एकाच वेळी डुगडुगत असतात. म्हणून दोन मुलांत एक बसकं, रुंद बुडाचं भांडं आणि त्यात एक तृतीयांशच पाणी. गढूळ पाणी ओतायला आणि नवं द्यायला दोन बादल्या. भांडी घेऊन फिरायला चार मुलं नेमायची, नळापाशी बाकी कुणी जायचं नाही. ब्रश १० किंवा १२ नंबरचा, गोल. २ नंबरचा बारीक ब्रश हातात पडला की मूल आकाशाच्या एका कोपऱ्यातच अडकतं. कागद त्यांनी साधा, पातळ दिला होता. १०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा कागद पाण्याने फुगतो, पुन्हा पुन्हा ब्रश फिरला की त्याचे गोळे निघतात आणि शेवटी भोक पडतं. मूल समजतं, आपलंच चुकलं. जलरंगाला किमान १८० ते २०० जीएसएम हवा. तेवढा मिळत नसेल तर त्या दिवशी जलरंग बाजूला ठेवून तेली खडू द्यावेत, ते पातळ कागदावर छान चालतात.

सगळ्यांची चित्रं मातकट का झाली, हाही प्रश्न होता. लाल, पिवळा, निळा तिन्ही एकत्र मिसळले की तपकिरी-करडा चिखल होणारच. पहिल्या तासाला लाल द्यायचाच नाही. पिवळा, निळा आणि पांढरा, प्रत्येकी चहाचा एक चमचा. या तीन ढिगांतून दहा-बारा हिरव्या छटा निघतात आणि मुलं आपणहून मोजायला लागतात.

दोन बारीक गोष्टी विसरल्या की हमखास गोंधळ होतो. कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव रंगाआधी घालून घ्यायचं, ओला कागद उलटता येत नाही. आणि चित्रं वाळत कुठे घालायची ते आधी ठरवायचं. ए-४ आकाराचे ३४ कागद एकमेकांना न चिकटता मांडायला सव्वादोन चौरस मीटर तरी लागतात, ए-३ असतील तर दुप्पट.

हे सगळं आठवडाभरात शिकता येतं. खरी अडचण त्यांनी जाता जाता सांगितली. एका मुलीने कागदाच्या वरच्या कडेला निळा पट्टा ओढला होता, खालच्या कडेला हिरवा, मधलं सगळं कोरं. “आकाश खालपर्यंत येतं ना,” म्हणत त्यांनी तिचा ब्रश घेतला आणि क्षितिजापर्यंत निळं भरून दिलं. ती मुलगी म्हणाली, “आकाश वर असतं. मी खाली आहे.” नंतर तिने ब्रशला हात लावला नाही.

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. ऑस्ट्रियात जन्मलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ वर्षांत मूल जमिनीची एक रेघ ओढतं, तिच्यावर सगळं उभं करतं आणि आकाशाचा पट्टा वर ठेवतं. महत्त्वाचं माणूस मोठं निघतं, घराच्या भिंतीतून आतली खाट दिसते. ही त्या वयाची मांडणी आहे, तिला तिचा तर्क आहे. नऊ-दहानंतर मूल स्वतःच अस्वस्थ होतं. “हे खऱ्यासारखं दिसत नाही” म्हणतं, खोडरबर झिजवतं, आणि पुष्कळ मुलं इथेच चित्र काढणं थांबवतात. पुढची वस्तू मागचीला झाकते, दूरचं लहान दिसतं, उजेड एका बाजूने येतो, हे शिकवायची वेळ तेव्हा येते. त्यांच्या कसलेल्या हाताचं मोल त्या वयात फार मोठं आहे. माझं स्पष्ट मत मी त्यांना सांगितलं: आधी ११ ते १४ वयोगट घ्या, लहान मुलांकडे थोड्या सरावाने या.

एक नियम मात्र दोन्ही वयांना. मुलाच्या कागदावर शिक्षकाचा हात जाऊ नये. “घोडा काढून द्या” म्हणणारं मूल येणारच. त्याला घोड्याचा फोटो द्यायचा, मागचा पाय कुठल्या बाजूला वाकतो ते विचारायचं, फारच अडलं तर वेगळ्या रद्दी कागदावर तेवढाच पाय काढून दाखवायचा. आणि “वा, छान!” म्हणून पुढे सरकायचं नाही. “डोंगराला तू तीन निळे वापरलेस, मागचा सगळ्यात फिकट” असं जे दिसतं ते बोलायचं. मुलाला कळतं की आपलं चित्र खरंच कुणी बघितलं.

नोकरीचं थोडक्यात. शाळांमध्ये बहुधा कलेच्या पदवीबरोबर अध्यापनाचं प्रशिक्षणही मागतात. नियम ठिकाणागणिक बदलतात, म्हणून फी भरण्याआधी आपल्या भागातल्या शाळांच्या जाहिराती वाचाव्यात. मुलाखतीच्या फाइलमध्ये स्वतःची दहा चित्रं पुरे. त्यासोबत एक पाठ टाचण (तासाचा लेखी आराखडा) आणि त्याच पाठातली, पालकांची परवानगी घेऊन लावलेली मुलांची तीन चित्रं ठेवावीत. ती तीन एकमेकांपासून वेगळी हवीत, सारखी दिसली तर नक्कल करवून घेतल्याचा संशय येतो. वर्गातल्या सुरक्षिततेचंही सांगितलं. तैलरंग पातळ करायची टर्पेंटाइनसारखी द्रावकं मुलांच्या वर्गात नकोत. वाळलेली चिकणमाती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते.

त्यांनी आधी सहा तास दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसून घड्याळ लावून नोंदी केल्या. मग आठ मुलांच्या गटावर चार तास घेतले. तिसऱ्या तासालाही आवराआवर पाच मिनिटं लांबली, कारण सगळे ब्रश एकाच वेळी धुवायला आले. आता ब्रश एका उभट डब्यात पाण्यात गोळा होतात आणि मुलं गेल्यावर लगेच धुतले जातात. रात्रभर पाण्यात राहिले तर केस वाकतात आणि दांड्याचा रंग सुटतो. सध्या त्या ११ ते १३ वयाच्या १२ मुलांचा आठवड्याचा वर्ग घेतात आणि अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला आहे. मागच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. एका विद्यार्थ्याची धाकटी बहीण वर्गात येऊन बसली होती, तिने काढलेलं. वर निळा पट्टा, खाली हिरवा, मध्ये कोरं. “मी विचारलं, मध्ये काय आहे गं? म्हणाली, हवा.”