राजीनामा आजच देऊ नका

प्रश्न : सॉफ्टवेअर कंपनीत मी ४ वर्षे ७ महिने कायम नोकरीत आहे. आता कंपनी म्हणते, राजीनामा द्या आणि पुढच्या महिन्यापासून कन्सल्टंट म्हणून हेच काम करा, पैसे १५ टक्के जास्त मिळतील. करार चालू असताना दुसऱ्या कुणाचे काम घ्यायचे नाही, आणि तो संपल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचे नाही, अशी कलमे त्यात आहेत. सही करू का?

उत्तर : कन्सल्टंट व्हायला हरकत नाही, पण आज सही करू नका. तुमच्या प्रकरणात सगळ्यात महाग गोष्ट आहे ती राजीनाम्याची तारीख.

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेचा, हक्क सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण त्या आधारावर कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा पाच महिने थांबलेले बरे. दर वर्षाला १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे पाच वर्षांचे जवळजवळ तीन महिन्यांचे मूळ वेतन होते. आज राजीनामा दिलात तर ते गेले. पुढे कंपनीने परत कायम केले तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

म्हणून लेखी मागा : बदल पाच वर्षे पूर्ण झाल्यावर करावा, किंवा तेवढी रक्कम करारातच लिहून द्यावी. तोंडी आश्वासनावर थांबू नका. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द तर मुळीच घालू नका. ‘कंपनीच्या अमुक तारखेच्या प्रस्तावानुसार’ असे लिहा. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे हे एक वाक्य चुकवून आलेली असतात, आणि मग दबाव होता हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

आता कलमे. करार संपल्यानंतरची वर्षभराची बंदी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकू शकते, आणि मला खरी तीच खटकते. एकाच ग्राहकाला बांधलेला माणूस स्वतंत्र व्यावसायिक कसला? ती काढून घ्या. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची नोटीस आणि बिल ३० दिवसांत चुकते, एवढे घाला.

‘पण काम तेच, जागा तीच, साहेब तोच, मग मी नोकरच ना?’ असे तुमच्या मनात येईल. कागदावरच्या नावापेक्षा काम कसे करायचे यावर ताबा कोणाचा, हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालय १९५६ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यापासून सांगत आले आहे. तेव्हा दावा करता येतो. मात्र त्यात वर्षे जातात. त्या भरवशावर सही करू नका. हजेरी, रजेची परवानगी, कामाच्या सूचना यांचे ईमेल तेवढे जपून ठेवा.

१५ टक्के वाढ मला कमी वाटते. मालकाचा पीएफचा हिस्सा, भरपगारी रजा, आरोग्य विमा हे सगळे आता तुमच्या खिशातून जाणार. पीएफची रक्कम काढू नका. पाच वर्षांच्या आत काढली तर करपात्र ठरते. बिलातून कापलेला टीडीएस म्हणजे पूर्ण कर नव्हे, आगाऊ कर वेळेवर भरा.

प्रस्तावाचे पत्र आणि कराराचा मसुदा घेऊन सहीआधी वकिलाला दाखवा.