कुत्री पायाला हात लावू देत नाही आणि नखं काळी आहेत. घरच्या घरी कशी कापायची?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरातले म्हणतात, "दोघांनी घट्ट धरा आणि एकदाची कापून टाका." त्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला घेतलं. धरू नका. सांगणाऱ्यानं आयुष्यभर कुत्री पाळली असली तरी धरू नका.

आमची चिंगी पांढरी पॉमेरियन होती. आपल्याकडे ज्यांना सर्रास पॉम म्हणतात ती बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, ही पण तशीच. मूळची माझ्या मोठ्या दिरांची. साताऱ्याजवळ त्यांचं घर, पुढे मुरमाचं अंगण. ते मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले आणि चिंगी उतारवयात आमच्याकडे पुण्याला, फ्लॅटमध्ये आली. आली तीच पुढचा डावा पाय उचलून चालत. जो तो म्हणायचा, वय झालं, संधिवात असणार. पहिल्याच अंघोळीत पायावरचे दाट केस ओले होऊन चपटे बसले आणि खरा प्रकार दिसला. अंगठ्याचं नख, म्हणजे पंज्याच्या आतल्या बाजूला जरा वर असतं ते, वाढत वाढत पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच मांसात रुतलं होतं. भोवती पू आणि उग्र वास. डॉक्टरांनी नख कापून टोक बाहेर काढलं, जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं. संधिवात वगैरे काही नव्हता, थोड्याच दिवसांत चारही पाय टेकून चालायला लागली.

फोनवर हे सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "आमच्याकडे नखं कधी कापावीच लागली नाहीत, मातीत आपोआप झिजतात." बाकीची झिजतात, मान्य. पण अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, ते झिजणार कशावर? आणि फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तर कुठलंच नख पुरेसं झिजत नाही. कुत्री चालताना टकटक आवाज येतो ना, तेव्हाच समजायचं की नखं वाढलीत.

पुढे दिवाळीला भाऊजी आले. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. बाहेर त्यांनी चिंगीला टॉवेलात गुंडाळलं, पुतण्याला पाय धरायला लावला आणि मुलांच्या नेलकटरनं नख कापलं. ती अशी किंचाळली की मी गॅस बंद करून धावले. टाइल्सवर रक्ताचे ठिपके थेट दिवाणापर्यंत गेले होते आणि ती दिवाणाखाली थरथरत बसली होती. नख मधोमध चिरलं होतं. आपलं नेलकटर चपट्या नखासाठी असतं, कुत्र्याचं नख गोलसर, ते त्यात दाबलं जाऊन फुटतं. भाऊजींचं म्हणणं, "जरासं रक्त आलं, त्यात काय एवढं?"

काय एवढं, ते पुढे मी निस्तरलं. पावसातून आल्यावर पाय पुसायलाही ती देईना. घरात कोणी स्वतःची नखं कापायला बसलं तरी पहिल्या "कट्" आवाजाला पळून जायची. मग कुत्र्यांचं क्लिपर आणून तिच्या जेवणाच्या ताटलीशेजारी नुसतं ठेवायला लागले. पंज्याला बोट लावलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा (बिनमिठाचा, कांदा तर अजिबात नको, कुत्र्यांना तो विषारी). आवाजाची सवय व्हावी म्हणून तिच्यासमोर क्लिपरनं खराट्याच्या काड्या कापायचे. कितीतरी आठवडे एकही नख कापलं नाही. मग एक दिवस एकच कापलं, खाऊ दिला, क्लिपर आत ठेवलं. दुसरं दुसऱ्या दिवशी. सगळी नखं एका बैठकीतच संपवायची हा हट्ट माणसांचा असतो. शेवटच्या वर्षी ती माझ्या मांडीवर पंजा टाकून पेंगायची आणि मी नखं कापत असायचे.

आता तुमची काळी नखं. पांढऱ्या नखात आतला गुलाबी जिवंत भाग, म्हणजे नस, दिसतो, काळ्यात टॉर्च लावूनही काही दिसत नाही. पंजा उलटा करून नख खालून बघा. टोकाकडे पन्हळीसारखा पोकळ भाग दिसेल, तेवढाच कापायचा. तोही एकदम नाही, पातळ चकत्या काढत. कापलेली बाजू आधी कोरडी, भुरकट दिसते. मध्ये गडद, ओलसर ठिपका दिसायला लागला की तिथेच थांबा, पुढे नस आहे. नखं फार वाढली असतील तर नसही लांब आलेली असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापत राहिलं की ती मागे सरकते. अंगठ्याचं नख दर वेळी केस बाजूला करून बघायचंच. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही ते असतं.

रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर कापसावर घेऊन दोन-तीन मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. तुरटी थोडी झोंबते.

हे सगळं ज्या कुत्र्याला वेळ देता येतो त्याच्यासाठी. नख मांसात शिरलं असेल, किंवा कुत्री खरोखर चावायला येत असेल, तर शिकवत बसू नका, डॉक्टरकडे न्या. ते गरज पडली तर गुंगीचं औषध देऊन कापतात आणि ते चार जणांनी दाबून धरण्यापेक्षा कधीही बरं. भाऊजींना मी हेच सांगत आले, तुमच्या घरच्यांनाही सांगा.

आणखी एक, हे वरच लिहायला हवं होतं. अंगावर गोचिड्या असतील, किंवा अलीकडे ताप, मरगळ, खाणं कमी असं काही झालं असेल, तर आत्ता नखांना हात लावू नका. गोचिडीच्या तापात प्लेटलेट्स घसरतात आणि एवढ्याशा जखमेचं रक्त थांबत नाही. आधी रक्ततपासणी करून घ्या. एरवीही वीस मिनिटं दाबून रक्त थांबलं नाही तर सरळ दवाखाना गाठा.