बेळगावहून ओटावा: बर्फात रोजची गाडी म्हणून मस्टँग की डब्ल्यूआरएक्स?

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू उद्यमबागेत सीएनसीवर आहेस, बायकोला ओटावात नोकरी लागलीय, ऑक्टोबरात दोघं निघताय. इतकी वर्षं पोलो जीटी हौसेनं चालवलीस. आता तिकडं गाडी एकच घ्यायची आणि तीही मनासारखी: सेकंडहँड मस्टँग जीटी, नाहीतर सुबारू डब्ल्यूआरएक्स. कामाला, बाजाराला, सगळीकडं तीच. बर्फात ती चालेल का, की सगळे सांगतात तशी मुकाट एसयूव्ही घ्यावी?

चालेल की. मी शहापूरचा, ओटावात राहून बरीच वर्षं झाली, आणि मॅन्युअल डब्ल्यूआरएक्स बारा महिने चालवतो. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये भर जानेवारीत एक मस्टँगही रोज उभी असते. एसयूव्ही घे म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नको. पहिल्या बर्फाच्या दिवशी रस्त्याकडेच्या चरात गेलेल्या गाड्या बघ, त्यात उंच गाड्या कमी नसतात. पण माझ्या 'चालेल'ला अटी आहेत, आणि त्यातल्या बहुतेक टायरच्या आहेत.

समर टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड सुटते. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे आपण कानटोपी काढतो, तेवढी थंडी या टायरला काहीच नाही. ओटावात मात्र नोव्हेंबरात दुपारीसुद्धा पारा त्याच्या खाली असतो. शून्याच्या आसपास तर काही हाय-परफॉर्मन्स समर टायरच्या रबराला चिरा जाऊ शकतात, म्हणून कंपन्याच सांगतात की अशा थंडीत हे टायर वापरू नका. आता गंमत बघ: डब्ल्यूआरएक्सचं 18 इंची व्हेरिएंट कारखान्यातूनच समर टायरवर येतं. फोर व्हील ड्राइव्ह आहे म्हणून बिनधास्त निघालेला माणूस पहिल्याच सिग्नलला पुढच्याच्या डिकीत जातो तो यामुळं.

'ऑल सीझन' या शब्दावरही जाऊ नको. टायरवर 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) एवढंच छापलेलं असेल तर ते फक्त नक्षीच्या रचनेबद्दल आहे. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. तुला हवं ते चिन्ह म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण. ब्लिझॅक, एक्स-आइस, हाक्कापेलीटा ही इकडं नेहमी ऐकू येणारी नावं. हाक्कापेलीटावाली नोकियन कंपनी फिनलंडची. जगातला पहिला हिवाळी टायर तिनंच 1934 साली काढला, तोही ट्रकसाठी. मोबाइलवाल्या नोकियाचं आणि हिचं मूळ गाव एकच.

इथं एक सीमाभागातली गोष्ट सांगायलाच हवी. ओटावा ओंटारिओ प्रांतात, आणि नदीवरचा पूल ओलांडला की गॅटिनो, म्हणजे क्युबेक. तिकडं पाट्या फ्रेंच आणि कायदाही वेगळा. क्युबेकात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे. ओंटारिओत सक्ती नाही, पण हिवाळी टायर लावलेस तर विमा कंपनीला हप्त्यात सवलत द्यावी लागते, 2016 पासून तसा नियमच आहे. क्युबेकची सक्ती तिथं पासिंग झालेल्या गाड्यांना. ओंटारिओची नंबरप्लेट असेल तर पलीकडं जाऊन आलास तरी त्या कायद्यात अडकत नाहीस. शिनोळीच्या नाक्यापलीकडून आलेल्या एमएच-09 च्या गाड्या बेळगावात अडवलेल्या बघून मोठे झालेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. घर कुठल्या बाजूला घेताय हे ठरलं की पासिंगही ठरेल. खिळ्यांच्या टायरचंही तसंच. क्युबेकात हिवाळ्यात चालतात, ओटावात राहणाऱ्याला ओंटारिओत परवानगी नाही. शहरात त्यांची गरजही नाही.

आता तुझ्या कामाचा विषय, डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक. हिवाळी टायर उन्हाळी अलॉयवर दर सहा महिन्यांनी चढव-उतरव करत बसू नको. दुसरा डिस्कचा सेट घे, एक इंच लहान, आणि टायर थोडा अरुंद. रुंदी 245 मिलिमीटर असेल तिथं 235 किंवा 225, फक्त एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे. कणकुंबीकडच्या चिखलात जुनी अरुंद टायरची जीप निघून जाते आणि रुंद टायरवाली नवी गाडी रुतून बसते, तोच प्रकार इथं. अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापून खालपर्यंत पोचतो, रुंद टायर वर तरंगतो. लहान डिस्कमुळं टायरची भिंत उंच होते, आणि मार्चमधले खड्डे बघितलेस की तिचं मोल कळेल. कॅलिपरला घासत नाही ना हे आधी तपास, मस्टँगच्या मोठ्या ब्रेकच्या पॅकेजला 17 इंची डिस्क बसेलच असं नाही. 2015 पासूनची डब्ल्यूआरएक्स आणि मस्टँग, दोन्हींचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5 बाय 114.3 आहे, त्यामुळं जुन्या बाजारात 'दोन्हीला बसतात' असं सांगणारे भेटतील. पण मधलं भोक सुबारूला 56.1 आणि मस्टँगला 70.5 मिलिमीटर, ऑफसेटही (डिस्क हबवर किती आत-बाहेर बसते ते) वेगळा. मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या माणसाला पुढचं सांगत नाही. मस्टँगला मागचे टायर जास्त रुंद असतील तर हिवाळ्यात चारही एकाच मापाचे घाल. सुबारूला तर चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलवर ताण येतो. टायर, डिस्क आणि प्रेशर सेन्सर मिळून दीड ते दोन हजार कॅनेडियन डॉलर गाडीच्या किमतीत आधीच धर. हे पैसे उरणार नसतील तर गाडी एक पायरी खालची घे.

सेट स्वतः बदल. जॅक आणि टॉर्क रेंच घेतलास की पुढची सगळी वर्षं दुकानासमोरची रांग वाचली. मिठामुळं डिस्क हबला इतकी चिकटते की लाथा घालाव्या लागतात, म्हणून हबच्या तोंडावर अँटी-सीझचा पातळ हात फिरव. स्टडच्या आट्यांवर मात्र लावू नको, टॉर्क चुकतो. शंभरेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा टॉर्क कर.

मग मस्टँग की सुबारू? फोर व्हील ड्राइव्ह गाडीला जागचं हलवते, वळणातून बाहेर काढते, थांबवत मात्र नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर. चांगल्या हिवाळी टायरवरची मस्टँग ऑल सीझनवरच्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीपेक्षा कमी अंतरात थांबते, फक्त इंजिनची ताकद मागच्याच चाकांना मिळते म्हणून सिग्नलवरून सुटताना ती नखरे करते. 2018 नंतरच्या जीटीत साडेचारशे किंवा जास्त हॉर्सपॉवर आहेत आणि त्यातल्या फार थोड्या बर्फावर कामाला येतात. 'स्नो/वेट' मोड लावला की रेस मऊ होते, तो वापर. डिकीत मागच्या अ‍ॅक्सलवर वाळूच्या दोन पिशव्या टाकल्या तर थोडा फरक पडतो, आणि अडकलास तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. ओटावा बरंचसं सपाट आहे म्हणून मस्टँग निभावते. चढाचं गाव असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं. पहिल्याच हिवाळ्यासाठी माझं मत डब्ल्यूआरएक्स. 2022 पासूनच्या गाडीतल्या 271 हॉर्सपॉवर पोलोवरून येणाऱ्याला पुरून उरतात.

दोन्हींची खरी अडचण पोट. जमिनीपासून पाच-साडेपाच इंच. रात्रीत वीस-पंचवीस सेंटिमीटर पडलं की गाडीचं नाक बर्फ ढकलत जातं, पोट त्यावर चढतं आणि चाकं हवेत फिरतात. तिथं टायर काय करणार? अशा दिवशी प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, फिरेपर्यंत घरी बस. हे प्लाऊवाले आणखी एक काम करतात: रस्ता साफ करताना तुझ्या दाराशी बर्फाचा बांध टाकून जातात. ताजा असताना तो फावड्यानं निघतो, तासाभरात दगड होतो. त्यावरून जोरात गाडी काढली की पुढचा बंपर फाटतो, कधी इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरलाही लागतं. उंची कमी करणारं सस्पेन्शन वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक.

चालवण्याचं सांगायचं तर चोर्ला घाटातल्या पावसाची सवय निम्मी उपयोगी आहे. धुक्यात अंतर ठेवणं, वळणाच्या आधी वेग उतरवणं, हे सगळं घेऊन ये. उतारावर खालच्या गिअरात टाकून इंजिनवर गाडी रोखायची आपली सवय मात्र सांभाळून. मस्टँगसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बर्फावर क्लच झटक्यानं सोडलास तर मागची चाकं अडतात आणि गाडी आडवी होते. गिअर एकेक करून, क्लच हळू. सुटताना दुसरा गिअर. अडकलास आणि पुढं-मागं झोके देऊन काढायची असेल तर तेवढ्यापुरता चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल बंद कर, तो चालू असला की रेसच देऊ देत नाही. पहिलं बर्फ पडलं की रिकाम्या पार्किंगमध्ये जा, मालकाची हरकत नसेल तिथं, आणि ब्रेक पूर्ण दाबून एबीएसची थरथर पायाला ओळखीची करून घे.

नव्या माणसाला पटत नाही अशी गोष्ट म्हणजे उणे वीस हे शून्यापेक्षा बरं. कडाक्याच्या थंडीत बर्फ कोरडं असतं, चाकाखाली करकरतं आणि पकड देतं. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर असतो, सगळ्यात निसरडं तेच. दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठलं की रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो बर्फ. पूल आधी गोठतात, कारण त्यांच्याखाली जमिनीची ऊब नसते. क्वीन्सवेवर, म्हणजे 417 हायवेवर, शहरातून जाताना असे पूल एकामागोमाग आहेत.

मीठ हा तुझ्या गाडीचा खरा शत्रू. खनिज मीठ रस्त्यावर ढिगानं पडतं, आणि उणे दहाच्या खाली ते नीट काम करत नसलं तरी गाडीला लागायचं ते लागतंच. सेकंडहँड घेताना रंगावर भुलू नको. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघ: ब्रेकच्या पाइपलाइन, सबफ्रेम, सस्पेन्शनच्या आर्मची टोकं. वर तांबूस धूळ चालते, पापुद्रे निघत असतील तर चालता हो. या बाबतीत मस्टँगचा एक फायदा आहे. इकडं पुष्कळ लोक ती उन्हाळ्यापुरती काढतात, त्यामुळं खालून स्वच्छ गाडी सापडते. डब्ल्यूआरएक्स बहुतेक सगळ्या हिवाळ्यात पळवलेल्या असतात. घेतलीस की दर शरदात खालून गंज रोखणाऱ्या तेलाचा फवारा मारून घे, ते थेंब थेंब गळणारंच बरं, कारण ते फटीत शिरतं. हिवाळ्यात धुवायची ती पारा शून्याच्या वर असलेल्या दिवशी, आणि दाराची रबरं पुसून. नाहीतर सकाळी दार गोठून चिकटतं.

बाकी थंडीची तयारी फार नाही. कंपनीनं सांगितलेलं, थंडीतही पातळ राहणारं झिरो-डब्ल्यू ऑइल, चांगली बॅटरी, उणे चाळीसचं काचेचं पाणी. सुरू करून पंधरा मिनिटं उभी ठेवायची गरज नाही. मिनिटभरानं निघ आणि ऑइल तापेपर्यंत टर्बोला हात लावू नको. पारा पाच-सहा अंश उतरला की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआय कमी होते, त्यामुळं पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर दिवा लागला तर घाबरू नको. डिकीत फावडं, ब्लँकेट, जंपर केबल. आणि हे मात्र लक्षात ठेव: बर्फात अडकून हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं झालं तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं कर. ते बर्फानं बुजलं तर विषारी वायू आत येतो.

आता निघण्याआधीचं. ओंटारिओत नव्यानं राहायला आलेल्याला आपलं लायसन्स 60 दिवस चालतं. पुढं तिथल्या परीक्षा. मागचा अनुभव अधिकृत कागदानं दाखवता आला नाही तर जी-वन या शिकाऊ पायरीवर अडकशील, म्हणजे शेजारी अनुभवी माणूस बसल्याशिवाय गाडी काढायची नाही. अशी मस्टँग घेऊन काय करणार, मर्दा? म्हणून बेळगाव आरटीओतून लायसन्सचा सही-शिक्क्याचा उतारा आताच काढ, त्यात लायसन्स पहिल्यांदा दिल्याची तारीख असली पाहिजे, नुसती रिन्यूअलची नव्हे. तिकडं वेगाचा नादही आवर. ताशी 80 किंवा जास्त मर्यादेच्या रस्त्यावर 50 नं वर गेलास तर तो 'स्टंट ड्रायव्हिंग'चा गुन्हा: लायसन्स जागच्या जागी 30 दिवस बंद, गाडी 14 दिवस जप्त, आणि हे कोर्टात उभं राहण्याआधीच.

विमा सगळ्यात शेवटी सांगतोय, पण चौकशी सगळ्यात आधी कर. तिथला इतिहास नसलेल्या नव्या चालकाला अशा गाड्यांचा हप्ता ऐकून घाम फुटतो. पोलोच्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र घेऊन ये, कुणी धरेल, कुणी धरणार नाही. गाडी पसंत पडली की अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी तिचा चासी नंबर देऊन तीन-चार ठिकाणचा दर मागव, एकदा मस्टँगचा, एकदा डब्ल्यूआरएक्सचा, आणि दोन्हीवेळा हिवाळी टायर लावणार असं सांगून.