पोराच्या हातात पटाशी द्यावी का?

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, माओरींची (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) कोरीव वल्ही व्हिडिओत बघून वेडा झालाय, आजोबांकडे पटाशी मागतो. देऊ का? (एक आई, दिवाडी)

उत्तर: पटाशी सध्या आजोबांच्याच हातात राहू दे, त्याला पॉलिश पेपर द्या आणि वल्ह्याचं पातं लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासू दे, आडवं घासलं की ओरखडे पडतात ते त्याचं त्यालाच कळेल. नक्षी कॉपी नको हं, माओरी कोरीवकामात बऱ्याचदा घराण्याची वंशावळ असते, ती त्यांची. १७६९ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या जहाजावरच्यांनी त्यांच्याकडून घेतलेल्या वल्ह्यांवर तर लाल रंगाची नक्षी आहे, मग आपल्या कावीची, म्हणजे लाल मातीच्या रंगाची, वेलबुट्टी काढू दे की! आणि आजोबांना म्हणावं, भरतीत होडी कशी सांभाळायची तेही सांगा घासता घासता, नाहीतर नुसतं शोपीस होईल.