सकाळी उंची १६५.५ सेंमी, संध्याकाळी १६४.५. पोलीस भरतीत कोणती धरतील?

मोजतील त्या क्षणी भरेल ती. पण तुमची टेप चुकलेली नाही, दिवसभरात साधारण १ सेंमी फरक पडतोच. पाठीच्या मणक्यांमधले सांधे कूर्चेचे, त्यात २३ चकत्या. चकतीच्या आतल्या मऊ गरातलं पाणी उभं राहून, वजन उचलून दाबाने झिरपतं. रात्री आडवं झालं की परत भरतं. मी सोलापुरात फिजिओथेरपी करतो, दिवसभर मागावर उभे राहणाऱ्यांना हे रोज समजावतो. मात्र निम्मी घट उठल्यावर पहिल्या तासाभरातच होते, म्हणजे नंबर सकाळी लागला तरी अख्खा सेंमी हाती लागत नाही. बार्शी-करमाळ्याहून पहाटे एसटीत उभं राहून येण्यापेक्षा आदल्या रात्रीच येऊन शहरात झोपा.