आदेश येईपर्यंत मुलीला परत संस्थेत ठेवावं का?

पत्राचा सारांश: आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो, अमेरिकी नागरिक आहोत. नाशिकच्या एका संस्थेतली अडीच वर्षांची मुलगी आम्हाला मिळाली. काराची (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाची) एनओसी आल्यावर दत्तकपूर्व संगोपनासाठी ती सात आठवड्यांपासून माझ्या माहेरी, कॉलेज रोडला, आमच्याजवळ आहे. दत्तक आदेश मात्र अजून आलेला नाही. यजमानांची रजा पुढच्या आठवड्यात संपते. ते म्हणतात, तिला संस्थेत ठेवून दोघंही जाऊ, आदेश आला की घ्यायला येऊ. मावशी म्हणते, कलेक्टर कचेरीत ओळख काढा. आणि मुलगी रोज रात्री उशीखाली पोळीचा तुकडा लपवते. काय करू?

ताई, यजमानांना जाऊ द्या, तुम्ही राहा. मोठ्यांच्या हिशेबात हा दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे. अडीच वर्षांच्या पोरीला ‘आई येणार आहे’ हे वाक्य संध्याकाळपर्यंतही पुरत नाही. सात आठवडे कुशीत झोपलेली मुलगी पुन्हा संस्थेतल्या पाळण्यांच्या रांगेत झोपली, तर परत याल तेव्हा ती तुमच्याकडे येईलच असं धरू नका. तुमची नोकरी मोठ्या कंपनीत असेल आणि वर्ष पूर्ण झालं असेल, तर तिथल्या कौटुंबिक रजेच्या कायद्यात दत्तकासाठी १२ आठवडे बिनपगारी रजा बसते. आजच एचआरला लिहा.

यजमान विमानात बसण्याआधी त्यांच्या सह्या उरकून घ्या. मुलीच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं. एकदा ते तिकडे गेले की तेच काम भारतीय वकिलातीतून करून मागवावं लागेल. संस्थेच्या नावे दिलेलं मुखत्यारपत्र अजून चालू आहे ना, तेही तपासा.

आता आदेशाचं. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर, देतात, आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढायचा असतो. इथे बहुतेकांची गल्लत होते: हे दोन महिने मुलगी घरी आल्यापासून नाही, अर्ज दाखल झाल्यापासून मोजायचे. संस्थेकडून दाखल तारीख आणि आवक क्रमांक लेखी घ्या. मुदत उलटली तर आधी जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मग राज्य दत्तक संसाधन संस्था, मग कारा, अशा क्रमाने ईमेल करा. फोनवरचं ‘बघतो’ कागदावर उमटत नाही.

मावशींची ओळख राहू द्या. संस्थेला साड्या किंवा ‘स्वखुशीची’ देणगीही देऊ नका. दत्तक घेणाऱ्यांकडून तसं काही घेणं संस्थेला मना आहे, आणि कुठे काय पैसे गेले हे अमेरिकी बाजूही विचारते.

तुमची खरी मेहनत वेगळ्या ठिकाणी लागणार आहे. मुलीचं नाव इथे छापत नाही, पण तुमच्या पत्रात त्याचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ‘व्ही’ने आहे, एकदा ‘डब्ल्यू’ने. पत्रात चालून जातं. आदेश, त्यानंतर काराचं हेग दत्तक कराराच्या अनुच्छेद २३ चं प्रमाणपत्र, तुमच्या नावांसह निघणारा जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा या पाचांत एक अक्षर किंवा जन्मतारखेचा एक आकडा हलला, की आदेशाचंच शुद्धिपत्र काढायला परत त्याच टेबलावर जावं लागतं. म्हणून नाव, आडनाव, जन्मतारीख एका कागदावर मोठ्या अक्षरांत टाइप करून संस्थेला द्या आणि शक्य असल्यास मसुद्यावरून नजर फिरवा. आदेश हाती आला की कचेरीबाहेर पडण्याआधी वाचा. प्रमाणित प्रती चार तरी घ्या.

व्हिसाचं काम मुंबईत नाही, नवी दिल्लीच्या दूतावासात होतं. वैद्यकीय तपासणी दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरांकडेच. दोन वर्षांवरच्या मुलांची क्षयासाठी रक्तचाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे, आणि त्यात शंका आली तर थुंकीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, ज्याला सुमारे आठ आठवडे लागतात. परतीचं तिकीट व्हिसा हातात पडेपर्यंत काढू नका. आयएच-३ या दत्तक मुलांच्या व्हिसावर ती अमेरिकेत उतरली की तिथली नागरिक होते, त्यासाठी वेगळा अर्ज नाही. पुढे दोन वर्षं पाठपुराव्याचे अहवाल असतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला.

पोळीचा तुकडा काढून घेऊ नका, रागावू नका, पाहुण्यांसमोर त्याची गंमतही करू नका. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं. खायला मिळेल की नाही याचा भरवसा अजून बसलेला नसतो. एक छोटा झाकणाचा डबा तिच्या उशाशी ठेवा, त्यात शेंगदाण्याची चिक्की किंवा खाकरा न घालता मऊ, घशात न अडकणारं काही, पोळीचाच तुकडा चालेल. रोज सकाळी तिच्यासमोर तो बदला. डबा भरलेलाच असतो हे पटलं की उशीखालचा साठा आपोआप थांबतो. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना सहा महिने.

भरवणं, अंघोळ, झोपवणं सध्या फक्त तुम्ही करा. आजीला वाईट वाटेल. त्यांना गोष्टी सांगायचं आणि फिरवायचं काम द्या. फोटो स्टेटसला टाकू नका, नातेवाइकांनाही तसं बजावा: अशा मुलांची ओळख उघड करण्यावर बाल न्याय कायद्यात शिक्षा आहे. बारसं आदेशानंतर घरच्या घरी करा, दहा माणसांत, आणि तिच्या झोपेच्या वेळेआधी आटपा.