पेन्शन थांबवून सीटला लेदर?

प्रश्न: इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणारे एक वाचक घरच्या गॅरेजमध्ये कॅटरहॅम सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारचं किट, म्हणजे सुटे भाग घेऊन घरीच गाडी, जोडत आहेत. इंजिन बसलं, आता आतली सजावट उरली. लेदर सीट १,९०० पौंड, कार्बन फायबरचा डॅश ७५०, कार्पेट आणि टनेलचं (दोन सीटमधल्या उंचवट्याचं) अस्तर ८५०, सीटचे हीटर व किरकोळ ७००, एकूण ४,२००. पगारातून दरमहा पेन्शनमध्ये जाणारे जादाचे ३५० पौंड वर्षभर थांबवले की हिशेब जुळतो, शिवाय सजावटीने गाडीची किंमतही वाढेल, असं ते म्हणतात. सीटला भगव्या दोऱ्याची शिलाई करायचं त्यांच्या मनात आहे.

उत्तर: जुळत नाही. ते ३५० पौंड सॅलरी सॅक्रिफाइसमधून, म्हणजे कर कापायच्या आधीच जातात. तुम्ही ४० टक्के कर भरता, वर २ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी). थांबवलेल्या ३५० मधले २०३ च तुमच्या हातात पडतील, वर्षाचे २,४३६. पूर्ण ४,२०० उभे करायला पेन्शनमधले सात हजारांहून जास्त सोडावे लागतील. एवढं महाग लेदर कुणी घेऊ नये.

सजावटीमुळे गाडीची किंमत वाढेल, हेही मला पटत नाही. भगव्या दोऱ्याच्या शिलाईची तुमची कल्पना झकास आहे, पण उद्याच्या गिऱ्हाइकाला ती आवडेलच असं नाही. तो आधी इंजिन आणि जोडणी बघेल. खासगी गाडी विकून झालेल्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही हे खरं, पण मग तोटाही कुठे वळता करता येत नाही. तेव्हा हा खर्च हौसेचा म्हणूनच करा. हौसेला माझी ना नाही.

फक्त क्रम बदला. नोंदणीआधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी सरकारी चाचणी आहे. त्यात डॅशच्या कडा, पुढे आलेली स्विचं, सीटबेल्टचे जोड असं सगळं तपासतात. महागडा डॅश आधीच बसवलात आणि तो नापास झाला तर ७५० पौंड गेलेच, शिवाय उचकटायची मजुरी. किटबरोबर आलेल्या साध्या सामानावर चाचणी द्या. हीटरच्या वायरी मात्र आत्ताच टाकून ठेवा. नंतर अस्तर काढून त्या टाकणं जिवावर येतं.

पैसा कुठून? सुट्या भागांवर सध्या दरमहा जाणारे २५० पौंड किट पुरं झाल्यावर मोकळे होतील. आठ महिन्यांत २,००० जमले की सीट झाल्या. बाकीचं पुढच्या वर्षी. नाशिकला आईवडिलांकडे अचानक जावं लागलं तर म्हणून ठेवलेल्या ६,००० ना हात लावू नका. आणि एक विचारतो: कापडी टपाच्या गाडीत, इंग्लंडच्या पावसात, लेदरच हवं का? चांगलं व्हिनाइल स्वस्तात पडेल आणि पुसायलाही सोपं.

सीट शिवणारा आगाऊ रक्कम मागेल. ती बँक ट्रान्सफरने देऊ नका, क्रेडिट कार्डाने द्या. वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, अगदी थोडीच रक्कम कार्डावर भरली असली तरी. छोटं वर्कशॉप मध्येच बंद पडलं तर हेच कामाला येतं. बिल महिन्याच्या महिन्याला फेडा, म्हणजे व्याजाचा प्रश्न नाही.

विमा ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’चा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवलेला घ्या. प्रत्येक पावती आणि फोटो जपून ठेवा, आणि चाचणीनंतर आत जे बदलाल ते विमा कंपनीला लेखी कळवा.